नमुना कुठून घेतला?

टिटवाळ्याच्या उत्तरेला काळू वाहते आणि दक्षिणेला, मोहने-मोहिलीपाशी, उल्हास. काळूपलीकडे भातसेवर पिसे इथे मुंबईचं पाणी उचललं जातं. मोहिलीला उल्हासमधून कल्याण-डोंबिवलीचं. महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही. आम्ही मात्र या दोन नद्यांच्या बेचक्यात राहतो, त्यामुळे घरात वाद निघाला की तो फिरून पाण्यावर येतो.

वाद घालणारे दोघे. एक माझा थोरला भाऊ, दादा. पाणीपुरवठा खात्यात नोकरीची सगळी वर्षं काढून उपअभियंता म्हणून निवृत्त झाला. दुसरी आमच्या बहिणीची मुलगी. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून एका खासगी प्रयोगशाळेत लागली आहे. नद्या, नाले, सांडपाणी प्रकल्प इथून नमुने आणायचे, तपासायचे, अहवालावर सही करायची. मी दोघांच्या मध्ये बसते, पण गप्प बसत नाही.

या वेळी वाद पेटला तो एका फॉर्मवरच्या रकान्यावरून. भाची एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर नमुना घ्यायला गेली होती.

"प्लँट बंद होता, मामा. ब्लोअरचा आवाज नाही, एरेशन टँकवर कोरडी साय धरलेली. सुपरवायझरनं हातात कॅन दिला. म्हणाला, मॅडम, सकाळीच भरून ठेवलंय, तुम्हाला उतरायचा त्रास नको. आतलं पाणी बिसलेरीसारखं स्वच्छ."

"मग?"

"कॅन घेतला. 'नमुना घेण्याचे ठिकाण' या रकान्यात लिहिलं, नमुना ग्राहकाने आणून दिला. खाली शेरा टाकला, भेटीच्या वेळी यंत्रणा बंद. ऑफिसात साहेब म्हणाले, हे खोड आणि 'आउटलेट, प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने घेतला' असं लिही. मी नाही लिहिलं."

"बरोबर केलंस. आता पुढचं सांग."

"ते काम दुसऱ्या लॅबला गेलं."

"म्हणजे नदीचं काय भलं झालं?" दादा खुर्चीत पुढे सरकला. "नाल्यात जायचं ते जातंच आहे. तुझ्या जागी दुसरा कोणीतरी सही ठोकतोय. तू तिथे टिकली असतीस, त्या सुपरवायझरला दम भरून ब्लोअर चालू करून घेतला असतास, तर चार महिने तरी बरं पाणी बाहेर पडलं असतं. हात स्वच्छ ठेवणं सोपं असतं गं. काम करून घेणं अवघड."

"दम कशाच्या जोरावर भरायचा? माझ्याकडे सही सोडून दुसरं काय आहे? तीच खोटी केल्यावर तो सुपरवायझर मला का घाबरेल?"

दादाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, हे मी आधीच सांगते. पाणीपुरवठ्यातली त्याच्या पिढीची माणसं एका धाकाखाली जगली: सकाळी नळाला पाणी आलं पाहिजे. त्याच्या लेखी हेच नीतीचं पहिलं कलम. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात नदी चहाच्या रंगाची होते तेव्हा काय करतात, हे त्यानं तिला त्या दिवशी पुन्हा समजावलं. जार टेस्टच्या यंत्रावर सहा बीकर लावायचे, प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवत न्यायची, पाती आधी जोरात आणि मग हळू फिरवायची. मग यंत्र थांबवून बघायचं, कोणत्या बीकरमध्ये गाळाचे गुठळे धरतात आणि वरचं पाणी लवकर निवळतं. तो आकडा रात्री दोनला काढायचा आणि लगेच डोसिंगला लावायचा, कारण तासाभरात नदी पुन्हा बदललेली असते.

"अशा रात्री मी पाणी बंद केलं तर कागदावर मी शहाणा ठरतो," तो म्हणाला. "पण खाली काय होतं? नळ कोरडे पडले की माणूस बोअरचं पितो, टँकरचं पितो, डबक्याचंही पितो. शिवाय पाइपातला दाब गेला की जिथे जिथे जोड सैल आहे तिथून गटार आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की ते सगळं घराघरात. एक दिवस बंद ठेवल्यानं चार दिवसांचे जुलाब होऊ शकतात. म्हणून आम्ही क्लोरीन वाढवून पाणी चालू ठेवतो. यात तुला अनीती दिसते का?"

"चालू ठेवण्यात नाही दिसत. लोकांना न सांगण्यात दिसते. 'आज पाणी उकळून प्या' एवढं तरी सांगितलंत का कधी?"

"घबराट होते."

इथे मला बोलावंसं वाटलं आणि मी बोलले. घबराट होते हे कारण मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि मला ते पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले. पाणी उकळून प्या असं सांगितलं गेलं आणि लोकांनी उकळून प्यायला सुरुवात केली. लोक घाबरले होते, पण आजाराला. सांगण्यानं त्यांच्या हाती निदान काहीतरी करण्यासारखं आलं. टिटवाळ्यात मांड्याच्या चाळीत राहणाऱ्या बाईला पाणी उकळायचं म्हणजे गॅस जाळायचा. तो खर्च कोणत्या दिवशी करणं खरंच गरजेचं आहे, हे कळण्याचा हक्क तिला आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरात आरओ लागलाय ते बातमीशिवायही निभावून नेतात.

भाचीनं मग कॅनडातल्या वॉकरटन गावाची गोष्ट काढली. मला ती आधी नीट माहीत नव्हती, नंतर वाचली. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि गुरांच्या शेणातले ई. कोलाय जंतू गावाच्या एका विहिरीत उतरले. पाणीपुरवठा सांभाळणारे दोघे भाऊ होते. रोज क्लोरीन मोजून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. ते मोजायचेच नाहीत; वर्षानुवर्षं ठरावीक आकडे लिहून टाकायचे. सात माणसं मेली, दोन हजारांवर आजारी पडली.

"ती भावंडं दुष्ट नव्हती, मामा. त्याच विहिरीचं पाणी तीही प्यायची. रोज शून्य पॉइंट पाच लिहून काही बिघडत नाही, अशी सवय लागली होती. पण मला झोप येऊ दिली नाही ती लॅबनं. खासगी लॅब. नमुन्यात जंतू सापडले, तिनं लगेच फॅक्स केला. कोणाला? पैसे देणाऱ्याला, म्हणजे त्या भावाला. आरोग्य खात्याला नाही. अहवाल ग्राहकाचा, गोपनीय, आणि कायद्यानं बंधन नाही. त्या भावानं आरोग्य खात्याला सांगितलं, पाणी ठीक आहे. तोवर पोरं पीतच होती."

दादा बराच वेळ काही बोलला नाही असं मी लिहिणार नाही, कारण तो लगेच बोलला. "नोंदवहीत खोटा आकडा लिहिणाऱ्याला मी घरी पाठवला असता. ओटी टेस्ट करायला किती वेळ लागतो? नळाचं पाणी नळीत घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ते न करता आकडा लिहिणं हा गुन्हाच. पण लॅबनं काय करायचं होतं? ग्राहकाचा अहवाल गावभर वाटायचा? मग उद्या तुला कोण नमुना देईल?"

"कायदा केला तर सगळ्यांनाच सारखं बंधन येईल. तिथे नंतर तसाच नियम झाला. दूषित नमुना निघाला की लॅबनं थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं. मग प्रामाणिक लॅबचं काम दुसरीकडे पळत नाही, कारण दुसरीलाही कळवावंच लागतं."

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. पाण्याच्या अहवालाचे पैसे एक जण देतो आणि पाणी दुसराच पितो. डॉक्टरकडे पैसे देणारा आणि औषध घेणारा बहुधा एकच असतो; तिथे फसवणूक झाली तर निदान फसलेला माणूस समोर असतो. नदीत तसं नाही. ज्याच्यासाठी नमुना घेतला तो वरच्या अंगाला बसलेला आणि ज्याच्या पोटात पाणी जाणार तो खालच्या अंगाला, दोघांची कधी गाठ पडत नाही. त्यांच्या मधोमध उभा असतो तो फक्त केमिस्ट, पंप ऑपरेटर, शाखा अभियंता, सल्लागार. या माणसांनी आपला धनी पाणी पिणारा आहे असं मानलं नाही, तर खालच्या माणसाची बाजू मांडायला दुसरं कोणीच उरत नाही. मी या बाबतीत भाचीच्या बाजूची आहे आणि ते लपवत नाही.

पर्यावरण परिणामाच्या अहवालांतही तेच दुखणं आहे. प्रकल्प ज्याचा, सल्लागार त्याचाच, बिलही तोच चुकवणार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात २००७ च्या सुमारास रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आलेला सापडला. कोकणातल्या डोंगरावर स्प्रूस आणि बर्चची झाडं उगवली होती. ज्याला आंबा, काजू, ऐन, किंजळ दिसले असते असा एकही माणूस त्या कागदाच्या आणि त्या डोंगराच्या मध्ये उभा नव्हता.

उल्हासकडे वळल्यावर दोघांचा सूर थोडा जुळला. उन्हाळ्यातली उल्हास ही स्वतःच्या झऱ्यांवर वाहणारी नदी राहिलेली नाही. टाटांच्या आंध्र धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून खाली येतं, एमआयडीसीच्या बारवीचं पाणी सोडलं जातं, आणि त्याच पाण्यावर जांभूळ, शहाड, मोहिली इथल्या उचल यंत्रणा चालतात. त्याच पात्रात बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर यांचं सांडपाणी येऊन मिळतं. उन्हाळा लागला की जलपर्णीनं पात्र झाकून जातं. मोहने बंधाऱ्यापाशी माणसांनी याविरुद्ध नदीत बसून आंदोलन केलेलं आहे.

"आता सांग," दादा तिला म्हणाला, "धरणातून पाणी सुटलेल्या दिवशी नमुना घेतलास आणि न सुटलेल्या दिवशी घेतलास, तर बीओडी सारखा येईल?"

"कसा येईल? पाणी जास्त, तर घाण पातळ."

"आणि नाल्याच्या तोंडाच्या वर पुलावरून बादली सोडलीस तर?"

"आणखी चांगला."

"म्हणजे एकही आकडा खोटा न लिहिता तू नदी स्वच्छ दाखवू शकतेस. जागा निवडायची, वेळ निवडायची. बास."

हे त्यानं तिला हरवायला म्हटलं नव्हतं. नोकरीभर पाहिलेली गोष्ट तो सांगत होता. पिण्यासाठी उचलायच्या नदीत, नेहमीची शुद्धीकरण यंत्रणा धरून, बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला जो प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत हवा असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वर्गीकरण सांगतं. हा तीन आकडा नाल्याच्या वर सहज मिळेल आणि नाल्याखाली मिळणार नाही. म्हणून भाचीच्या त्या फॉर्मवरचा रकाना मला आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

नदीची फिर्याद शेवटी लवादापर्यंत न्यावी लागली. वनशक्ती या संस्थेनं २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल अर्ज केला, आणि जुलै २०१५ मध्ये पुणे खंडपीठानं पालिका, एमआयडीसी, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं यांना कोट्यवधींचा भुर्दंड बसवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. दरम्यान, नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस, उल्हासनगरात वडोलगावाजवळ टँकरमधून रसायन वालधुनीत ओतलं गेलं, वायू पसरला आणि शेकडो माणसं गुदमरून रुग्णालयात गेली. वालधुनी म्हणजे तीच नदी, जिच्या काठावर अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर उभं आहे.

"त्या टँकरला कुठल्या तरी कारखान्यातून गेटपास मिळाला असणार," भाची म्हणाली. "त्यावर कुठल्या तरी केमिस्टची किंवा सेफ्टी ऑफिसरची सही असणार. त्याला माल कुठे चाललाय हे कळलं नसेल?"

"कळलं असेल आणि घरी दोन पोरंही असतील," दादा म्हणाला.

दादाच्या या वाक्यात सबब आहे आणि खरी अडचणही आहे. डॉक्टरानं गैरवर्तन केलं तर त्याची नोंदणी रद्द करणारी परिषद आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे, वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्यानं परिषद मिळाली. अभियंत्यांना आपल्या देशात अशी वैधानिक परिषदच नाही. याचा तोटा दोन्हीकडून होतो. खोटं करणाऱ्याचा परवाना जात नाही, कारण परवानाच नसतो. आणि खरं करणाऱ्याला साहेबासमोर "असं केलं तर माझा परवाना जाईल" असं म्हणून पाय रोवता येत नाहीत. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला, पण अंमलात आणलाच गेला नाही.

काळू धरणावर मात्र दोघे पुन्हा भांडले. टिटवाळ्याजवळून वाहणाऱ्या याच काळूवर वर मुरबाड तालुक्यात हे धरण प्रस्तावित आहे, महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी. २०११ मध्ये वन खात्याची मंजुरी नसताना काम सुरू झालं. हजाराच्या आसपास हेक्टर वनजमीन जाणार होती, आणि त्या जंगलावर जगणारे आदिवासी पाडे. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली.

"इमारती कमी होणार आहेत का टिटवाळ्यात?" दादानं विचारलं. "बल्याणीकडे जा, मांड्याकडे जा, जिकडे बघावं तिकडे चाळी आणि टॉवर. त्यांना पाणी कुठून देणार? धरण नको म्हणणं सोपं आहे. स्थगितीनं कोणाचा नळ भरला?"

"धरण हवं की नको हा वाद होऊ दे ना. पण मंजुरी नसताना पोकलेन कोणी लावला? कार्यारंभ आदेशावर सही करणाऱ्या अभियंत्याला वन कायदा ठाऊक नव्हता?"

"वरून दबाव असतो."

"पांढरेंवर नव्हता?"

दादाकडे याला उत्तर नव्हतं, आणि नाही हे त्यानं मान्य केलं. विजय पांढरे नाशिकच्या मेटा या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेत मुख्य अभियंता होते. २०१२ मध्ये त्यांनी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून धरणांच्या फुगवलेल्या किमती आणि निकृष्ट कामं मांडली. दहा वर्षांत सिंचनावर सत्तर हजार कोटी खर्चून सिंचित क्षेत्र ०.१ टक्का वाढलं, हा २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतला आकडा त्याच वर्षी राज्यभर गाजला. त्यातून माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. चितळे हेही जलसंपदा खात्यातून वर गेलेले अभियंते, १९९३ च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी. पांढरे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले.

"एक पांढरे," दादा म्हणाला. "बाकीच्या हजारो अभियंत्यांनी नोकरी केली आणि गावं चालवली. सगळे पांढरे झाले तर पंप कोण चालवेल?"

"सगळे खरं लिहायला लागले तर कोणाला पांढरे व्हावंच लागणार नाही."

हे ती तावात म्हणाली, पण मला त्यात एक पुढची पायरी दिसली. एकट्यानं केलेलं धाडस महाग पडतं, कारण बाकीच्यांच्या वह्या वेगळं सांगत असतात. दहा प्रयोगशाळांनी ठरवलं की भरून ठेवलेल्या कॅनवर "आणून दिला" असंच लिहायचं, तर त्या संकुलाला अकरावी शोधत हिंडावं लागेल. ठाणे जिल्ह्यातल्या लॅब चालवणाऱ्यांनी एका टेबलाशी बसून हे ठरवायला कोणत्याही कायद्याची वाट बघायला नको.

संध्याकाळी भाची लॅपटॉप घेऊन बसली. गृहसंकुलाचा विषय तिनं बाजूला ठेवला. तो नमुना लॅबकडे आलेला, म्हणजे ग्राहकाचा आणि गोपनीय होता. पण ते पाणी ज्या नाल्यात पडतं त्या नाल्याचं तोंड सार्वजनिक रस्त्यावरून दिसतं. त्याबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला तिला पत्र लिहायचं होतं. दादानं चष्मा लावला.

"'तक्रार' काढ. तक्रार टेबलावरून टेबलावर फिरते. 'संयुक्त नमुना घेण्याबाबत विनंती' असं लिही, म्हणजे कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवावं लागेल. नाल्याच्या वर एक, खाली एक, असे दोन नमुने माग. वेळ पहाटे साडेपाचची लिही. अकरा वाजता काही सापडायचं नाही. प्रत आयुक्तांना, प्रत वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना. सही नागरिक म्हणून कर."

"नागरिक नाही. नावाखाली एमएस्सी, पर्यावरणशास्त्र, विश्लेषक, असं लिहिणार."

"ऑफिसात विचारतील तुला."

"विचारू देत."

"तुझी मर्जी. मग तपमान आणि डीओ, विरघळलेला प्राणवायू, जागेवरच मोजून पत्रात टाक, नुसता वास येतो म्हणू नकोस. आणि हे टपालानं पाठवू नको. स्वतः जा, आवक क्रमांक घे, शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय तिथून हलू नकोस."